विसावं मत

कमळ मुकणे गेल्या ग्रामपंचायतीला आमच्या वॉर्डातून उभी राहिली होती. गावात आता त्यावर कुणी बोलत नाही आणि कुणी बोललंच तर हसण्यावारी नेतात. मला हसता येत नाही. मी तिच्याबरोबर मेसमध्ये चौदा वर्षं काम केलं आणि तिच्या फ्लेक्सवर माझा फोटो होता, तोही सगळ्यात वर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथेच राहायचं आहे.

लवळ्याच्या बाजूला डोंगरावर कॉलेजं आणि हॉस्टेलं झाली तशी आमच्याकडच्या बायकांना कामं मिळाली. मी मुलींच्या एका मेसची सुपरवायझर आहे. सुपरवायझर म्हणजे कोठीच्या किल्ल्या कमरेला आणि दोन्हीकडच्या शिव्या पदरात. कमळ आमच्याकडे भांडी घासायला आली. गावाच्या वरच्या अंगाला टेप, म्हणजे छोटी टेकडी आहे, त्यावर कातकऱ्यांची अकरा घरांची वाडी होती, तिथली ती. नवरा लवकर गेला, एक मुलगी रूपाली, तीही लग्न होऊन ताम्हिणीकडे गेलेली. दोन वर्षांनी पोळ्यांची बाई भांडून ऐन दुपारी निघून गेली आणि बाहेर पाचशे मुली ताटं वाजवत बसलेल्या. मी कपाळाला हात लावला. कमळने मात्र कुणाला न विचारता हात धुतले आणि तव्यापाशी जाऊन उभी राहिली. तेव्हापासून तवा तिचाच झाला.

तिच्या हाताखाली पोळी कधी कच्ची राहिली नाही. कोणती मुलगी दोन दिवस जेवायला आली नाही, हे तिला वॉर्डनच्या आधी कळायचं. "ती चष्म्यावाली न्हाई आली, बघा जरा," असं पीठ मळता मळता सांगायची आणि खरंच ती पोरगी तापाने फणफणलेली असायची. एकदा गॅसच्या नळीने पेट घेतला. आम्ही सगळे दाराकडे पळालो, त्यात मी सगळ्यात पुढे. कमळने ओलं पोतं नळीवर टाकलं, कॉक फिरवला आणि बाहेर येऊन म्हणाली, "या की आत. पोळ्या करपतील." आमचा शंभू आचारी पुढे सहा महिने तिला फायर ब्रिगेड म्हणत होता. ती हसायची. तिला चिडवलेलं आवडायचं, कारण चिडवण्याइतकं जवळचं तिला दुसरं कुणी धरत नव्हतं.

टेपाची जमीन हैबतरावांच्या नावावर. हैबतराव म्हणजे माझे चुलत सासरे, सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. कमळचा आजा आबांच्या वडिलांकडे राबायला होता, तेव्हा त्यांनीच 'राहा तिथं वर' म्हणून सांगितलेलं. तीन पिढ्या झाल्या. पण कागदावर त्या घरांचा कुठेच पत्ता नव्हता. नळ नाही, घरपट्टी नाही, घरकुलाच्या यादीत नाव नाही; नावं होती ती फक्त मतदारयादीत. दोन वर्षांपूर्वी शहरातले लोक टेपावर गाड्या घेऊन यायला लागले. वरून धरणाचं पाणी दिसतं, तिथे बंगले चांगले शोभतील असं त्यांचं मत पडलं. आबांनी वाडीला सांगून टाकलं, की कधीही उठायला लागेल, तयारीत राहा.

कमळने पंचायतीत चार अर्ज केले. घरं पंचायतीच्या दप्तरी लावा, ग्रामसभेत ठराव घ्या, एवढंच म्हणणं. ठराव झाला असता तर पुढे तालुक्याला भांडता आलं असतं. चारही वेळा 'बघू' म्हणून तिला वाटेला लावलं. एकदा तर सभेत एकजण तिच्या तोंडावर म्हणाला, की बाहेरून आलेल्यांनी गावात हक्क सांगू नयेत. मी तिथे बसले होते. मी कोळवणची. लग्न करून आले आणि पाचव्या दिवशी गावची झाले. कमळ टेपावर जन्मली, तिची आई टेपावर जन्मली आणि ती बाहेरची. हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं होतं. तोंडात आलं नाही.

मग निवडणूक लागली. आमच्या वॉर्डात एक जागा सर्वसाधारण महिलेसाठी होती. कमळ मला कोठीत येऊन म्हणाली, "जयाताई, बाहेर हुभं ऱ्हाऊन कोण ऐकत न्हाई. आत बसल्याबिगर ठराव व्हायचा न्हाई. मी हुभी ऱ्हाऊ का?"

मला वाटलं, गंमत करते आहे. पण तिने बँकेत खातं उघडलेलं होतं आणि उमेदवारीला लागतो त्या शौचालयाच्या दाखल्यासाठी घरामागे खड्डाही खणायला घेतला होता. शंभूने आणि मेसमधल्या दोघांनी दोन रविवार जाऊन तिला भिंती बांधून दिल्या. ते काम त्यांनी मनापासून केलं, हे मी मुद्दाम लिहिते.

हॉस्टेलमधली गौतमी नावाची एक मुलगी राजकारणाचा अभ्यास करत होती. तिने ही गोष्ट ऐकली आणि ती अंगात आल्यासारखी कामाला लागली. "कमळताई, बाहेरच्या उमेदवाराला लोक ओळखत नाहीत, म्हणून ज्यांनी त्याच्यासोबत काम केलंय त्यांनी पुढे येऊन सांगायचं असतं. तुमचे कलीग्ज हीच तुमची स्ट्रेंग्थ." मेसमध्ये कमळ सोडून आमच्या वॉर्डातले नऊजण कामाला होते. गौतमीने मोबाइलवर एकेकाला बोलतं केलं. शंभूने गॅसच्या नळीचा किस्सा सांगितला. मी सांगितलं, की चौदा वर्षांत कोठीतली साखरेची चिमूट इकडची तिकडे झाली नाही आणि माझ्यामागे किल्ल्या मी फक्त कमळकडेच देते. सांगताना मी कमरेच्या किल्ल्या काढून मोबाइलसमोर धरल्या. नाटक नव्हतं ते. व्हिडिओ हॉस्टेलभर फिरला, मुलींनी लाल बदाम पाठवले. त्यातल्या एकीचंही मत आमच्या गावात नव्हतं.

गावासाठी फ्लेक्स करायचं ठरलं. माझ्या मुलाचं, शैलेशचं, पिरंगुटला फ्लेक्सचं दुकान आहे, तर त्यानेच केला. मध्ये कमळ हात जोडून, बाजूला तिचं चिन्ह कपबशी, आणि भोवती 'शुभेच्छुक' म्हणून आम्हा नऊजणांचे चेहरे. खाली लिहिलं होतं, 'आम्ही हिच्यासोबत काम केलंय, आम्ही हिला ओळखतो.' ती ओळ गौतमीची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात फ्लेक्सवर फोटो द्यायला कुणी नाही म्हणत नाही. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची कुठल्या समितीवर निवड असो, मागितला की चेहरा देऊन टाकायचा. एकाच माणसाचा चेहरा भांडणाऱ्या दोघांच्या फ्लेक्सवर असतो आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. तो रिवाज आहे. त्याचा अर्थ एवढाच, की आमचं तुमच्याशी वाकडं नाही. पण टेपावरच्या कुणाचाही चेहरा आजवर कधी फ्लेक्सवर गेला नव्हता, कुणी त्यांच्याकडे मागितलाच नव्हता. कमळच्या लेखी चेहरा देणं म्हणजे शब्द देणं. फ्लेक्स लागला त्या दिवशी ती एसटीच्या थांब्यावर त्याच्यासमोर उभी राहून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत होती. "आमची एकोणीस," ती म्हणाली, "आन् ह्यी नऊ, आन् ह्येंच्या घरची. ताई, लई झाली की."

मला तेव्हाच तिला सांगता आलं असतं. मी म्हणाले, "बघू या." तिला चार वेळा सांगितलेला तोच शब्द.

त्याच आठवड्यात आबा घरी आले. त्यांची सून, म्हणजे माझी चुलत जाऊ शारदा, त्याच जागेवर छत्री चिन्ह घेऊन उभी होती. आबांनी चहा घेतला, शैलेशच्या लग्नाचं विचारलं. मग म्हणाले, "कमळीला फोटो दिलास, ब्येस केलंस. कामावरच्या माणसास्नी धरून ऱ्हावं लागतं. आता आपल्या फ्लेक्सवर बी टाकायला सांगितलाय शैलेशला."

"टाका की, आबा," मी म्हणाले.

उठताना त्यांनी आमच्या मागच्या खोल्यांकडे पाहिलं. तिथे आमचे सहा भाडेकरू राहतात, पाणी आबांच्या शेतातल्या बोअरवरून येतं. "पानी येतंय नव्हं नीट?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येतंय. ते बरं म्हणाले आणि गेले. एवढंच. त्यांनी धमकी दिली असं मी कोर्टातही सांगू शकणार नाही.

शारदाचा फ्लेक्स कमळच्या समोरच लागला, तिच्या फ्लेक्सच्या दुप्पट. शैलेशने कष्ट वाचवले होते. तेच नऊ फोटो त्याने उचलून तिकडे लावले होते. माझी तीच हिरवी साडी, तोच हसरा चेहरा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी. मला दोन दिवस थांब्यावर जायला लाज वाटली. तिसऱ्या दिवशी कमळच कोठीत आली. मी खाली मान घालून तांदूळ मोजायला लागले. ती म्हणाली, "ताई, तुमचा फोटू तिकडं बी चांगला आलाय. घरच्यास्नी न्हाई कसं म्हनायचं, मला कळतंय." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मतदानाच्या दिवशी वाडीची एकोणीस माणसं सकाळीच खाली उतरली. धुतलेले कपडे, म्हातारी धोंडाबाई नातवाच्या पाठीवर. शाळेच्या व्हरांड्यात ती सगळी रांगेत उभी होती आणि गावचे लोक त्यांच्याकडे पाहत होते. मी अकराच्या सुमाराला गेले. आता मी आत काय केलं ते लिहिते, कारण त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं आहे.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी एकटी होते. आबा तिथे नव्हते, शारदा नव्हती, बोअर नव्हती. मी कुणाचं बटण दाबलं हे जगात कुणाला कळणार नव्हतं. कपबशी तिसरी होती, मी तिच्यावर बोटही नेलं होतं. आणि मला डोळ्यांपुढे कमळ पंचायतीच्या खुर्चीत बसलेली दिसली. मी काहीतरी दाखला घ्यायला गेलेय आणि ती मला 'बसा' म्हणतेय. चौदा वर्षं मी जिला 'ए कमळ' म्हणून हाक मारली, जी माझ्या घरी आली की पायरीवरच बसते आणि जिला आत ये म्हणायचं मला कधी सुचलं नाही, ती. माझं बोट खाली सरकलं आणि मी छत्रीचं बटण दाबलं. मशीन वाजलं. मी भीतीने तसं केलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे.

मोजणी पौडला झाली. शारदाला चारशे सात, कमळला वीस. शैलेशने फोनवर सांगितलं आणि वर हसून म्हणाला, "आई, फ्लेक्सवरचीच नऊ न्हाई मिळाली तिला."

दुसऱ्या दिवशी कमळ वेळेवर कामाला आली. मेसमध्ये कुणी कुणाकडे बघत नव्हतं. शेवटी शंभूच बोलला. "कमळे, मी त्या व्हिडिओत जे बोललो ते खरं बोललो. तू हायेसच तशी. पर मत ह्यी गोष्ट येगळी असती गं." ती व्हय म्हणाली आणि पीठ चाळायला लागली. गौतमीने येऊन तिला मिठी मारली, रडलीसुद्धा, म्हणाली की हा सुद्धा एक विजयच आहे. मग तिची परीक्षा आली.

जानेवारीत एका दुपारी कमळ माझ्या घरी आली. पायरीवर बसली आणि पदराखालून करांदे काढले, टेपामागच्या रानातले कंद, खणून, उकडून, साल काढून आणलेले. करांदे मला आवडतात हे तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, "हे कशाला गं?"

"ताई, आमी वर एकोणीस," ती म्हणाली. "एकोणीसच्या एकोणीस कपबशीला पडली, मी एकेकाला इचारलंय, धोंडाबाईलाबी. मग इसावं कुनाचं? मी तवाच म्हनलं, जयाताईंचं. दुसरं कोन देनार."

मी करांदे ताटलीत काढून घेतले. तोंड उघडलं असतं तर अजून वेळ होती. मी म्हणाले, "चहा ठेवते."

चहा पिऊन तिने एक घडी केलेला कागद काढला. पाचवा अर्ज. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेसाठी. ग्रामसेवकाने तिला सांगितलं होतं, की नुसत्या वाडीच्या सह्यांवर विषय घेता येणार नाही, गावातल्या निदान एकाची तरी सही आण. खाली एकोणीस सह्या आणि अंगठे होते. वरची पहिली ओळ तिने मोकळी सोडली होती. "ती तुमची," ती म्हणाली. "मत दिलं त्ये कुनाला दिसत न्हाई, ही दिसंल. पर तुमी भ्यायच्या न्हाई, ठाव हाय मला. सही करून पंचायतीत द्या, तुमच्या दारासमूरच हाय."

मी म्हटलं, ठेव. ती गेल्यावर मी पेन घेऊन बसलेही होते. मागे भाडेकरूंच्या नळाचं पाणी बादलीत पडत होतं, तो आवाज मी बराच वेळ ऐकला. मग कागद घडी करून कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. उद्या करू म्हटलं. दहा दिवस मी रोज उद्या करू म्हटलं.

ग्रामसभेला मांडवात गर्दी होती. शारदा नव्या साडीत पुढे बसलेली, आबा तिच्या मागे. ग्रामसेवकाने विषय वाचले, गटारीचा, दिव्यांचा, स्मशानभूमीच्या पत्र्याचा. मग आबांनीच विचारलं, "टेपावरचं काय हाय का?" ग्रामसेवक म्हणाला, अर्ज आलेला नाही.

कमळ मागून उठली. "अर्ज दिलाय," ती म्हणाली. "जयाताईंकडं दिलाय. त्येंची सही हाय त्याच्यावर."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. आबांनीही मान वळवली, सावकाश, रागावून नाही. ऊन होतं, माझ्या हातात ध्वजवंदनाचा पेढा होता.

"माझ्याकडे?" मी म्हणाले. "नाही बाई. माझ्याकडे कुठला अर्ज."

कमळने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती बोलेल, करांद्यांचं, कागदाचं, मताचं, सगळं चारचौघांत काढेल. ती खाली बसली. ग्रामसेवकाने पुढचा विषय घेतला.

फेब्रुवारीअखेर टेपाला तारेचं कुंपण पडलं. घरं कारवीच्या कुडाची, मोडायला अर्धा दिवस पुरला. दाखल्यासाठी बांधलेलं तेवढं शौचालय पक्कं होतं, ते कुंपणाच्या आत अजून उभं आहे. वाडीतले लोक पांगले. कमळ ताम्हिणीकडे लेकीच्या वस्तीवर गेली. मेसमध्ये आता पोळ्यांचं मशीन आणलंय, मुली पोळ्या चामट लागतात म्हणून तक्रार करतात. अर्ज माझ्या कपाटातच आहे, वरची ओळ कोरी.

जायच्या दिवशी ती मला भेटली नाही. शंभूला भेटून गेली. त्याने मला हे चार-पाच दिवसांनी सांगितलं, तेही मी किल्ल्या द्यायला गेले तेव्हा. त्याने तिला विचारलं होतं, की ताईंवर रागावलीस का. ती म्हणाली, "न्हाई. सहीला भ्याल्या आसतील. मत दिलं हुतं की त्येंनी."

मी किल्ल्यांच्या जुडग्यातली कोठीची किल्ली शोधत राहिले, ती हातातच होती. मग मी त्याला विचारलं, "शंभू, खरं सांग. ते विसावं तुझं होतं का?"

शंभूने गॅस बारीक केला. "मला तर आजवर वाटत हुतं तुमचंच हाय," तो म्हणाला.

फ्लेक्सवर आम्ही नऊ होतो. बाकीच्या सातजणांना मी विचारलेलं नाही. विचारलं तर तेही मलाच विचारतील.